जावई नावाची खुर्ची

मिसरूड फुटल्यापासून मी गावच्या नाटकात खलनायक करत आलोय. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. शिमगा झाला की देवळासमोरच्या पटांगणात नाटक होतं. नायकाचं काम मला कधी कुणी देऊ केलं नाही आणि मीही मागितलं नाही. नायकाला शेवटच्या अंकात सगळ्यांना माफ करावं लागतं. ते आपल्याला जमत नाही. त्यामुळे मागच्या शिमग्याच्या सुमारास महाडच्या ऑफिसात चारचौघांसमोर माझा जो पाणउतारा झाला, त्याचा मी सूड घेतला. रीतसर तालीम करून घेतला. आजही जेवताना आठवलं की हसू फुटतं, आणि बायको विचारते, "परत तेच का?"

परत तेच.

पोटापाण्यासाठी मी वेबसाइटच्या पोटातलं काम करतो. चवदार तळ्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. मालक माझा शाळेतला सोबती. आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे दासगावचे एक वाहतूकदार शेठ आणि त्यांच्यामागचे टेम्पोवाले. त्यांच्यासाठी आम्ही एक वेबसाइट केली होती. कुणाची गाडी कुठे चाललीय, परतीचा माल कुणाला हवाय, हे सगळं तिच्यावर दिसायचं. पण ड्रायव्हर मंडळी ती उघडायची ती एकाच गोष्टीसाठी: आंबेनळी घाट चालू आहे की बंद.

ती गोष्ट माझी होती. वेबपान लिहिताना कंसात छोटे छोटे शब्द टाकावे लागतात, त्यांना टॅग म्हणतात. इथे चित्र, इथे तक्ता, असे ठरलेले शब्द असतात. पण आपल्या गरजेचा नवा शब्दही घडवता येतो. मी 'घाट' हा टॅग घडवला होता. पानावर एवढा एक शब्द लिहिला की तो आत जाऊन खबर काढायचा आणि त्याच्या जागी एक पट्टी उमटायची. घाट चालू असेल तर हिरवी. बंद असेल तर लाल. आणि खबरच आली नसेल तर राखाडी: 'माहिती नाही, फोन करून निघा.' खबर द्यायचा घाटाच्या पायथ्याचा चहावाला. त्याच्या मोबाइलवर आम्ही दोन बटणं दिली होती, चालू आणि बंद. अधूनमधून तो एक दाबायचा. बराच वेळ त्याने काहीच दाबलं नाही, तर खबर नाही असं टॅग समजायचा.

त्या राखाडी पट्टीवर माझा फार जीव. हिरवं आणि लाल कुणीही दाखवेल. 'मला ठाऊक नाही' हे म्हणायला शिकवावं लागतं.

मग मालकाचे जावई आले.

मालकाची मुलगी पुण्याला दिलेली. जावई तिथे मोठ्या कंपनीत होता. ती नोकरी त्याने सोडली की नोकरीने त्याला सोडलं, यावर दोन्ही घरांचं वेगवेगळं मत आहे. ते काही असो, एका सोमवारी मालक त्याला घेऊन माडी चढला आणि म्हणाला, "आजपासून जावईबापू टेक्निकल सगळं बघतील." जावईबापूंनी माझ्याशी हात मिळवला आणि पहिल्याच वाक्यात मला काका केलं.

"काका, ही राखाडी पट्टी कशाला?"

"खबर नसली की दाखवायला."

"निगेटिव्ह वाटतं हो. युजरला उत्तर हवं असतं."

आणि त्यांनी टॅग सुटसुटीत केला. 'बंद' अशी खबर असेल तर लाल, नाहीतर हिरवी. संपलं. माझी एक टेस्ट त्याबरोबर लाल झाली, म्हणजे नापास. टेस्ट म्हणजे टॅग नीट वागतो की नाही हे बघणारा छोटा प्रोग्राम. ही टेस्ट 'खबर नसेल तर राखाडी' हेच तपासायची. जावईबापूंनी ती वाचली, माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाले, "टेस्ट जुनी झालीय, काका." आणि काढून टाकली.

काय होणार हे मला दिसत होतं. मालकाला सांगितलंही. मालक म्हणाला, "अरे, ते पुण्याला होते."

स्ट्रॉबेरीचा मोसम होता. शेठचा एक टेम्पो महाबळेश्वरहून माल भरून निघाला. त्या दिवशी घाटात एका वळणावर कंटेनर आडवा झाला आणि रस्ता बंद पडला. नेमका तेव्हाच पायथ्याकडचा मोबाइलचा टॉवर गेला. चहावाला बिचारा बटण दाबून दाबून दमला, खबर काही पोचली नाही. ड्रायव्हरने निघताना पट्टी बघितली. हिरवीगार. अर्ध्या घाटात आला तर पुढे गाड्या, मागे गाड्या, वळायला जागा नाही, आणि डोक्यावर ऊन.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः माडी चढून आले. हातात पुठ्ठ्याचं खोकं. ते मालकाच्या टेबलावर ठेवलं. खालून लाल रस गळत होता.

"घ्या, मुरंबा," शेठ म्हणाले. "माझे रोजे चालू हायत, तुम्ही खा."

मग शेठनी विचारलं, "कुणाचं काम हे?"

तेव्हा जावईबापू उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "शेठ, तो टॅग काकांनी लिहिलेला आहे. राग धरू नका. वयोमानाने होतं असं."

वयोमानाने होतं. ऑफिसातली झाडून सगळी माणसं, शेठ, शेठचे दोन ड्रायव्हर, सगळे माझ्याकडे बघत होते. मी मालकाकडे बघितलं. मालक ट्यूबलाइटकडे बघत होता.

शेठनी सांगितलं, "ज्याने हे केलं त्याचा हात माझ्या कामाला लागता कामा नाय. येत्या शुक्रवारी पोलादपूरला माझ्या सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर तुम्ही दाखवायचं, परत असं होणार नाय. नाय दाखवलं, तर काम दुसऱ्याकडं."

माझा टॅग माझ्याकडून गेला. मला फोनवर बसवलं. ड्रायव्हर फोन करायचे, "घाट चालू हाय काय?" मी चहावाल्याला फोन लावून त्यांना सांगायचो. म्हणजे टॅगचं काम आता मी करत होतो. चहावाल्याने फोन उचलला नाही, की मी ड्रायव्हरला म्हणायचो, "माहिती नाही, थांबा जरा." एका माणसाची राखाडी पट्टी झाली होती.

फोनवर बसून मी एकच विचार करत होतो. टॅग परत हवा. आणि ते वाक्य ज्यांच्यासमोर बोललं गेलं, त्यांच्यासमोर मागे घेतलेलं हवं.

खोट कुठे आहे ते मला ठाऊक होतं. कुणी काय बदललं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतोच. पण मी ती उघडू लागलो तेव्हा मालकाने हात जोडले, "अरे, घरचं भांडण शेठसमोर नको." बरं, म्हटलं, निदान खोट तरी मान्य करा. जावईबापूंनी तिथल्या तिथे ब्राउझर उघडला. पान आलं. पट्टी हिरवी. चहावाल्याला फोन लावला, घाट खरंच चालू. "बघा काका, बरोबर आहे ना?"

टॅग तपासायची ही त्यांची पद्धत. सगळं सुरू करायचं, लॉगिन करायचं, पान उघडायचं आणि डोळ्यांनी बघायचं. पायथ्याचा टॉवर काही आपण बघायला बसलो म्हणून जात नाही, तर मग न आलेली खबर डोळ्यांना दिसणार कशी?

ती दिसते आमच्या गावच्या तालमीत.

आमच्या नाटकातली निम्मी मंडळी मुंबईला नोकरीला. ती त्यांच्या खोलीवर तालीम करतात, आम्ही इथे गावात करतो, आणि दोन्ही नाटकं एक होतात ती थेट नाटकाच्या दिवशी. मग इथल्या तालमीत मुंबईकराच्या जागी काय? प्लॅस्टिकची खुर्ची. मी गेली कित्येक वर्षं खुर्चीचा खून करतोय. बाजूला एकजण पुस्तक घेऊन खुर्चीची वाक्यं वाचतो. आणि तालीम मी घेत असल्यामुळे माझा एक नियम आहे. खुर्ची रोज वेगळी हवी. आज ती वाक्य विसरते. आज ती चुकीच्या बाजूने येते. आणि एक दिवस असा, की खुर्ची येतच नाही. मी ती उचलून बाजूला ठेवतो आणि नटांना म्हणतो, "ती आली नाही. चालू द्या." कारण मुंबईहून येणारी गाडी दरवर्षी कुठेतरी बंद पडते, आणि पहिला अंक गावकऱ्यांनी एकट्याने रेटायचा असतो.

टॅगचं तसंच आहे. तो बिचारा पानाशिवाय उभा राहू शकत नाही, त्याला खबर देणारा कुणीतरी लागतो, शब्द लिहायला जागा लागते. म्हणून त्याला खोटं पान द्यायचं, खोटा चहावाला द्यायचा, आणि त्याने काय लिहिलं ते वाचायचं. सर्व्हर नको, ब्राउझर नको. खुर्ची पुरते. फक्त त्या खुर्चीला काय काय करता येतं, हे ठरवणारा माणूस जरा दुष्ट हवा.

शुक्रवारच्या आधी जावईबापूंनीही टेस्ट लिहिल्या. शेठना खात्री हवी होती ना. मी फोनवरून मान वर करून त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं आणि मला इतका आनंद झाला की फोनवरच्या ड्रायव्हरला घाट बंद असल्याचं मी हसत हसत सांगितलं. त्यांचा खोटा चहावाला दर वेळी उत्तर द्यायचा. चालू म्हणायचा, बंद म्हणायचा, मराठीत म्हणायचा, इंग्रजीत म्हणायचा. गप्प कधीच बसायचा नाही. त्यांच्या खुर्चीला कायम तोंड होतं.

त्यांना सावध करणं माझं कर्तव्य होतं, असं एखादा नायक म्हणाला असता. मी जाऊन बर्फी आणली आणि खाल्ली.

पोलादपूरला, महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत सभा भरली. शेठ मधोमध. भोवती ड्रायव्हर, त्यांत तो मुरंब्याचा ड्रायव्हर. चहावालाही आला होता, आणि दुसऱ्याच्या हॉटेलातला चहा नाक मुरडून पीत होता. मला फोन सांभाळायला मागच्या बाकावर बसवलं होतं. जावईबापूंनी भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि टेस्ट चालवल्या. खाली खाली हिरव्या ओळी येत गेल्या. दिसायला छानच दिसलं. ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकाच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

"सगळ्या शक्यता तपासल्या आहेत, शेठ," जावईबापू म्हणाले.

शेठ मागे वळले. "काय भाऊ, तुमचं काय?"

मी उभा राहिलो. घाई केली नाही. खलनायकाने कधी घाई करायची नसते. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शेठ, आता या वयात माझं काय असणार? एक शंका होती. जावईबापूंनी परवानगी दिली तर एक टेस्ट घालून बघावी म्हणतो."

जावईबापू उदारपणे हसले. "या ना काका, टाइप करा."

"छे छे. तुम्हीच करा. माझे हात थरथरतात. वयोमानाने होतं."

मालकाने डोळे मिटले. शाळेपासून ओळखतो तो मला.

मी खोलीच्या मधोमध आलो आणि सांगू लागलो. "लिहा, खोटा चहावाला." त्यांनी लिहिलं. "त्याला विचारलं की तो..." इथे मी थांबलो. पटांगणात मागच्या रांगेपर्यंत पोचतो तसा थांबलो. "काही बोलत नाही."

त्यांची बोटं थांबली. पुण्याला होते, खोटं कशाला बोलू, हुशार माणूस. कळलं त्यांना. "काका, अशी केस प्रॅक्टिकली..."

"लिहा की वो," मुरंब्याचा ड्रायव्हर म्हणाला.

त्यांनी लिहिलं. "आता टॅगला खोटं पान द्या. आणि अपेक्षा लिहा, मराठीतच लिहा: माहिती नाही. हां. आता चालवा."

जावईबापूंनी बटण दाबलं. हिरव्या ओळींच्या शेवटी एक ओळ लालभडक उमटली. अपेक्षित: माहिती नाही. मिळालं: चालू.

ती भिंतीवरची ओळ शेठनी सावकाश वाचली. मग मोठ्याने म्हणाले, "म्हणजे आमचा चहावाला मेला तरी तुमचा घाट चालू?"

"शेठ, मला कशाला मारताव?" चहावाला कळवळला.

"हेच झालं की त्या दिवशी!" मुरंब्याचा ड्रायव्हर उभा राहिला. "टावर गेला नि पट्टी हिरवी! पूर्वी असं नव्हतं, शेठ. पूर्वी राखाडी पट्टी यायची, फोन करून निघा म्हणून. मी कितींदा फोन केलाय."

"मग ती राखाडी पट्टी काढली कुणी?" शेठनी विचारलं.

मी चष्मा पुसत होतो. या जागी खलनायकाला वाक्य नसतं आणि नसावंच.

जावईबापू लॅपटॉपकडे बघत पुटपुटले, "ते जरा... सुटसुटीत केलं होतं."

शेठ हसले नाहीत, ओरडले नाहीत. मालकाकडे वळून एवढंच म्हणाले, "काम तुमच्याकडंच. पण घाट या भाऊंकडं." उपास सोडायची वेळ होत आली होती, ते उठले. सगळे उठले. एवढ्या गोंधळात ते वाक्य मात्र तसंच राहिलं. 'वयोमानाने होतं' हे मागे घ्यायला कुणालाच वेळ नव्हता. माझा निम्मा हिशेब बाकी होता.

टॅग परत आल्यावर मी त्याची नीट मांडणी केली. चालू, बंद की ठाऊक नाही, हे ठरवणारा भाग टॅगमधून काढून वेगळा ठेवला. टॅगने फक्त बोलायचं. डोकं वेगळं, तोंड वेगळं, म्हणजे डोकं तपासायला खोटं पानसुद्धा लागत नाही. नाटकात नाही का, आधी नुसतं वाचन, मग खुर्चीबरोबर तालीम, आणि शेवटी थोडक्यात रंगीत तालीम. सगळं पान उभं करून बघणाऱ्या रंगीत टेस्ट मी दोनचारच ठेवल्या. त्या चालायला वेळ खातात आणि पट्टीचा रंग जरा बदलला तरी बोंबलतात.

बाकी खुर्च्यांच्या. आणि प्रत्येक खुर्चीला नाव लागतं. गप्प बसणाऱ्या खोट्या चहावाल्याचं नाव मी ठेवलं 'टॉवर गेला'. चुकीचं बोलणाऱ्याचं 'झोपेत दाबलं'. आणि काहीही विचारा, परिस्थिती काहीही असो, बिनदिक्कत 'चालू' म्हणणाऱ्या खोट्या चहावाल्याचं नाव ठेवलं 'जावई'.

ऑफिसात कुणीही काहीही बदललं की सगळ्या टेस्ट आपोआप चालतात आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर नावानिशी दिसतात. 'जावई चालू म्हणतो, तरी घाट तपासा.' 'जावई असताना लाल पट्टी कधीच दिसत नाही.' दिवसातून कितीतरी वेळा. खालचा मिठाईवाला पेढे द्यायला वर आला की ते वाचून जायचा आणि गल्लीत सांगायचा.

आठवडाभरात मालक माझ्या टेबलापाशी येऊन बसला. "अरे, ते नाव तेवढं काढ."

"कुठलं?"

"नाटकं करू नकोस. मुलगी बोलत नाही माझ्याशी. घरी नुसता वरणभात मिळतोय."

"काढतो की," मी म्हणालो. "ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोर म्हणू दे, काकांचा टॅग बरोबर होता. वयाचा काही संबंध नव्हता. एवढंच."

"अरे, जावई आहे तो घरचा."

"मग राहू दे नाव. शोभतंय."

मालक दोन दिवस वरणभातावर टिकला. मग शेठना फोन करून त्याने काहीतरी निमित्त काढलं, आणि आम्ही सगळे घाटाच्या पायथ्याला चहावाल्याच्या टपरीवर जमलो. ईद होऊन गेली होती, त्यामुळे शेठनी या वेळी चहा घेतला. मुरंब्याचा ड्रायव्हर होता, दुसरा ड्रायव्हर होता, ऑफिसातली मंडळीही होती. मी सगळ्यात लांबच्या बाकावर जाऊन बसलो. मुद्दाम.

जावईबापू उभे राहिले. कपाकडे बघत भरभर म्हणाले, "तो टॅग काकांनी बरोबर लिहिला होता. चूक माझी होती. वयाचा... तसा संबंध नव्हता."

त्याच क्षणी एक ट्रक घाटाकडे वळला आणि त्याने हॉर्न दिला. देव असतो, याबद्दल मला तेव्हापासून शंका नाही.

मी बाकावरून कानामागे हात धरला, तालमीत धरतो तसा.

"मागच्या रांगेत ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "शेवटचं वाक्य परत घ्या. मान वर करून."

शेठनी कप खाली ठेवला. ड्रायव्हर लोक सरसावून बसले. जावईबापूंनी मालकाकडे बघितलं. मालक या वेळी घाटाकडे बघत होता, कारण टपरीत ट्यूबलाइट नव्हती.

"वयाचा संबंध नव्हता," ते मोठ्याने म्हणाले. आवाज चांगला आहे माणसाचा, कुणी वापरून घेतला नाही एवढंच.

त्याच संध्याकाळी मी 'जावई' हे नाव काढलं. शब्दाला जागलो. आता त्या खुर्चीचं नाव 'पाहुणे' आहे. भिंतीवर दिवसभर दिसतं. अजून कुणी हरकत घेतलेली नाही, पण मिठाईवाला येताजाता हसतो.